उघडी भाषा, कुलपातली अक्षरं

१९८४ च्या मे महिन्यात ह्यूलेट-पॅकार्डने लेसरजेट नावाचा प्रिंटर बाजारात आणला. किंमत ३,४९५ डॉलर. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ॲपलचा लेसररायटर आला, किंमत ६,९९५ डॉलर. म्हणजे बरोब्बर दुप्पट, वर पाच डॉलर. आता गंमत अशी, की दोन्ही खोक्यांच्या पोटात यंत्र एकच होतं : जपानच्या कॅनन कंपनीचं एलबीपी-सीएक्स. तोच ड्रम, तीच टोनरची पूड, कागद ओढणारे तेच रूळ आणि इंचात ३०० ठिपके टाकण्याची तीच क्षमता. मग वरचे साडेतीन हजार डॉलर कशाचे?

थोडासा हिशेब करू. अमेरिकन लेटर आकाराचा कागद साडेआठ बाय अकरा इंच. इंचाला ३०० ठिपके धरले तर आडवे २,५५० आणि उभे ३,३००, म्हणजे सुमारे चौऱ्याऐंशी लाख ठिपके. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच लक्षात ठेवायचं म्हटलं तरी जवळजवळ एक मेगाबाइट स्मरण लागतं. लेसरजेटकडे होतं १२८ किलोबाइट. त्यामुळे तो आतल्या तयार अक्षरांच्या ओळी सुबक छापायचा. पण पानभर चित्र, तेही पूर्ण बारकाव्यानं, मागितलं की हात टेकायचा. लेसररायटरमध्ये दीड मेगाबाइट स्मरण होतं आणि १२ मेगाहर्ट्‌झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर होता. ज्या मॅकिंटॉशवरून त्याला काम पाठवायचं, त्या मॅकचा प्रोसेसर ८ मेगाहर्ट्‌झपेक्षाही किंचित हळू. म्हणजे ॲपलच्या तेव्हाच्या सगळ्या मालात सर्वांत ताकदवान संगणक कुठला, तर हा प्रिंटर.

एवढी ताकद लागत होती ती आतल्या एका प्रोग्रॅमसाठी. त्याचं नाव पोस्टस्क्रिप्ट, आणि तो लिहिणारी कंपनी होती ॲडोबी सिस्टिम्स. आज ॲडोबी म्हटलं की फोटोशॉप आठवतं, किंवा दरमहा कार्डावरून कापली जाणारी वर्गणी. पण ही कंपनी मुळात छपाईची. फोटोशॉप तिच्या घरात आलं १९९० मध्ये, तेव्हा तिला सात वर्षं होऊन गेली होती आणि पैसा येत होता तो प्रिंटरमागे मिळणाऱ्या मानधनातून.

जॉन वॉर्नॉक हा युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीकडचा. शाळेत नववीला बीजगणितात नापास झालेला, पुढे गणितातच पदवी घेतलेला. १९६९ मध्ये युटा विद्यापीठातून त्याने पीएच.डी. केली. विषय होता, संगणकाच्या चित्रात एका वस्तूमागे दुसरी वस्तू दडली असेल तर नेमका कोणता भाग दाखवायचा. नंतर तो इव्हान्स अँड सदरलँड या कंपनीत लागला. तिथे जहाजांच्या कप्तानांना प्रशिक्षण देण्यासाठी न्यूयॉर्क बंदराचा आभास पडद्यावर उभा करायचा होता : इमारती, पूल, बोया, सगळं. एवढ्या वस्तूंची माहिती नुसती आकड्यांच्या तक्त्यांत भरण्यापेक्षा वस्तूंचं वर्णन करणारी एक छोटी भाषाच बनवावी, ही कल्पना तिथे निघाली. वॉर्नॉक आणि त्याचा सहकारी जॉन गॅफ्नी यांनी ती भाषा बनवली. पोस्टस्क्रिप्टचं मूळ शोधत गेलं तर आपण असे एका बंदरात जाऊन पोचतो.

चार्ल्स गेश्की, ज्याला सगळे चक म्हणत, तो क्लीव्हलँडचा. घरात छपाईचा धंदा. आजोबा आणि वडील दोघेही ब्लॉकमेकर. त्या काळी चित्र छापायचं तर जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून ब्लॉक करावा लागे, आपल्याकडेही ऑफसेट येईपर्यंत हेच चालायचं. चक मात्र आधी ख्रिस्ती धर्मगुरू व्हायला निघाला होता. तिथून परतला, अभिजात भाषा शिकला, मग गणित, मग संगणक. १९७२ मध्ये तो झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात, पार्कमध्ये, रुजू झाला. १९७८ मध्ये वॉर्नॉकला तिथे घेतलं ते त्यानेच.

पार्कबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी फार लिहीत नाही. खिडक्या, इथरनेट हे सगळं तिथलं. लेसर प्रिंटरही झेरॉक्सच्याच गॅरी स्टार्कवेदरचा. अडचण पुढची होती. प्रत्येक प्रिंटरची भाषा वेगळी. संगणकावर लिहिलेला मजकूर एका यंत्रावर नीट येई आणि दुसऱ्यावर त्याचा चुथडा होई. तेव्हा वॉर्नॉक, गेश्की आणि इतरांनी मिळून इंटरप्रेस नावाची एक समाईक भाषा तयार केली : पान कसं दिसायला हवं ते या भाषेत सांगायचं, आणि ठिपके कुठे टाकायचे ते ज्या त्या प्रिंटरने आपल्या वकुबाप्रमाणे ठरवायचं.

झेरॉक्सने ही भाषा कंपनीचा दर्जा म्हणून मान्य केली, आणि लगेच असंही ठरवलं की आपली सगळी यंत्रं तिच्यावर येईपर्यंत बाहेर वाच्यता करायची नाही. यात काही वर्षं जाणार हे उघड होतं. वॉर्नॉक आणि गेश्की दोघंही चाळिशी ओलांडलेले, घरसंसार असलेले. जी भाषा सर्वांनी बोलावी म्हणून बनवली, ती कपाटात ठेवायची हे त्यांना पटेना. डिसेंबर १९८२ मध्ये दोघांनी नोकरी सोडून आपली कंपनी काढली. लॉस आल्टोसमध्ये वॉर्नॉकच्या घरामागून ॲडोबी क्रीक नावाचा ओढा वाहायचा, त्याचंच नाव कंपनीला दिलं. पहिलं बोधचिन्ह वॉर्नॉकची बायको मार्वा हिने काढलं. ती ग्राफिक डिझायनर होती. भांडवल पुरवलं बिल हॅम्ब्रेक्टने, पंचवीस लाख डॉलर.

मूळ बेत काय होता, हे पाहण्यासारखं आहे. संगणक, लेसर प्रिंटर आणि फोटोटाइपसेटर अशी सगळी जुळणी स्वतः करून मोठ्या कंपन्यांच्या छपाई खात्यांना विकायची. म्हणजे धंदा यंत्रांचा आणि प्रोग्रॅम त्याबरोबर फुकट. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॉर्डन बेलने हे ऐकलं आणि सांगितलं, की संगणक आमच्याकडे आहेत, प्रिंटर मिळतील, आमचं अडलंय ते मधल्या प्रोग्रॅमवाचून, तेवढा द्या. काही काळाने स्टीव्ह जॉब्ज आला. त्याचं म्हणणंही तेच. पण जॉब्जच तो, त्याने आधी सबंध कंपनीच विकत मागितली, पन्नास लाख डॉलरना. दोघांनी नकार दिला. शेवटी ॲपलने सुमारे एक-पंचमांश हिस्सा घेतला आणि प्रोग्रॅमच्या परवान्यापोटी आगाऊ रक्कमही दिली. यंत्रं विकण्याचा बेत बारगळला. माझ्या मते ॲडोबीच्या सुरुवातीच्या काळातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच, आणि तो त्यांनी घेतला गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून.

हा मधला प्रोग्रॅम जी भाषा समजायचा, तिचंही नाव पोस्टस्क्रिप्टच. ती आता जरा जवळून पाहू. पोस्टस्क्रिप्टमध्ये एक रेघ मारायची असेल तर असं लिहायचं : ‘७२ ७२ मूव्हटू, १४४ ७२ लाइनटू, स्ट्रोक, शोपेज’. कागदाचा डावा खालचा कोपरा म्हणजे शून्य. तिथून उजवीकडे ७२ आणि वर ७२ एकक जा. तिथून आडवं १४४ पर्यंत सरळ जा. त्या मार्गावर शाई फिरव. झालं, पान बाहेर टाक. एकक कुठलं? इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणजे पॉइंट. जुने अमेरिकन छापखानेवाले इंचात ७२.२७ पॉइंट धरायचे. ॲडोबीने वरचा अपूर्णांक उडवून टाकला आणि आज जगभरचे संगणक ॲडोबीचाच पॉइंट वापरतात. डीटीपी करणाऱ्या कुणालाही ए-फोर म्हणजे ५९५ बाय ८४२ हे तोंडपाठ असतं, ते याच मापात.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येईल. इथे आकडे आधी येतात आणि क्रियापद शेवटी. लग्नघरी ताटांची चळत लावतात तसे आकडे एकावर एक ठेवत जायचं. क्रियापद आलं की ते वरची लागतील तेवढी ताटं उचलतं आणि काम करून टाकतं. माणसाला वाचायला हे थोडं चमत्कारिक वाटतं, पण यंत्राला फार सोपं जातं, कारण वाक्य संपायची वाट पाहत अर्धवट अर्थ डोक्यात धरून ठेवावा लागत नाही.

त्या चार शब्दांत काय नाही, हेही बघा. इंचाला किती ठिपके, याचा उल्लेखच नाही. म्हणजे तीच फाइल ३०० ठिपक्यांच्या लेसररायटरवर काढून प्रूफ तपासायचं, आणि पसंत पडली की जशीच्या तशी लायनोटाइपच्या लायनोट्रॉनिक यंत्राला द्यायची. ते तिची १,२७० किंवा २,५४० ठिपक्यांची फिल्म काढून देणार. ओळ तिथेच तुटणार, चित्र तिथेच बसणार. कचेरीतलं प्रूफ आणि छापखान्यातली फिल्म यांच्यामध्ये तोवर पुन्हा जुळणी करावी लागे, ती गेली. अर्थात लायनोटाइपने १९८५ मध्ये आपल्या यंत्रांत पोस्टस्क्रिप्ट घातलं म्हणून हे साधलं. शंभर वर्षांची जुनी कंपनी दोन-तीन वर्षांच्या पोराचा हात धरते, हे तेव्हा अनेकांना नवल वाटलं होतं. तिने टाइम्स आणि हेल्व्हेटिका या आपल्या नामवंत टाइपांचा परवानाही दिला.

तिसरा साथीदार सिअ‍ॅटलचा. पॉल ब्रेनर्ड वर्तमानपत्रांसाठी संगणक प्रणाली बनवणाऱ्या कंपनीत होता. तिने आपलं तिथलं केंद्र बंद केल्यावर त्याने १९८४ मध्ये आल्डस कंपनी काढली आणि जुलै १९८५ मध्ये पेजमेकर आणलं, ४९५ डॉलरला. पेजमेकरबद्दल महाराष्ट्रात कुणाला काय सांगणार? लग्नपत्रिका, दिवाळी अंक, साप्ताहिकं, सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल, नगरपालिकेच्या निवडणुकीची पत्रकं, या सगळ्यांची पानं पंधरा-वीस वर्षं पेजमेकरवरच लागली. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्द रूढ केला तो ब्रेनर्डने. गल्लीबोळांतल्या ‘डीटीपी सेंटर’च्या पाट्या तिथून आल्या. खिळे जुळवणारे कंपोझिटर या लाटेत घरी बसले, काही संगणक शिकून टिकले. ती कहाणी वेगळी आणि मोठी आहे.

आता कुलपाकडे येऊ. पोस्टस्क्रिप्ट भाषा ॲडोबीने लपवली नाही. उलट १९८५ मध्ये तिचं संपूर्ण संदर्भपुस्तक छापून विकायला ठेवलं. तांबड्या मुखपृष्ठामुळे लोक त्याला लाल पुस्तक म्हणत. कुणीही वाचावं, त्या भाषेत प्रोग्रॅम लिहावा, हवं तर स्वतःचा दुभाषी प्रोग्रॅमही बनवावा, अशी मुभा होती. तसे नकली दुभाषे निघालेही. पार्कमध्येच पूर्वी काम केलेल्या पीटर डॉइच याने १९८८ मध्ये घोस्टस्क्रिप्ट नावाचा मोफत अवतार आणला, तो अजूनही जोरात आहे. पण या नकलांची छपाई ॲडोबीच्या छपाईइतकी देखणी यायची नाही, कारण अक्षरं कुलपात होती.

अक्षरांत कसलं आलंय गुपित? इंग्रजी टाइप्स दिसतात साधे; पण १० पॉइंटचं अक्षर ३०० ठिपक्यांवर काढून बघा. अक्षराच्या चौकटीला मिळतात जेमतेम ४२ ठिपके. टाइम्ससारख्या टाइपात उभ्या दांड्याची जाडी हिशेबाने येते साडेतीन ठिपके. अर्धा ठिपका छापता येत नाही. तेव्हा ‘एच’ अक्षराच्या दोन दांड्यांपैकी एक तीन ठिपक्यांचा येणार आणि दुसरा चार. कागदावर एक दांडा दुसऱ्यापेक्षा तेहतीस टक्के जाड! सगळ्या पानावर असं झालं तर अक्षरं खरजेने उठल्यासारखी दिसतात. आपल्या शिरोरेषेचा विचार करा : एका शब्दात तीन ठिपके, पुढच्यात चार, तर ओळीची काय शोभा राहील?

ॲडोबीतल्या बिल पॅक्स्टन वगैरे मंडळींनी यावर तोड काढली. अक्षराच्या वक्र रेषांबरोबर काही सूचनाही भरून ठेवायच्या : हे दोन दांडे एकाच जाडीचे आहेत, ही खालची रेघ सगळ्या अक्षरांत एकाच पातळीवर येते, हा गोलवा रेघेच्या किंचित खाली उतरतो पण लहान आकारात तो उतरू देऊ नको. प्रिंटरमधला प्रोग्रॅम त्या सूचना वाचून ठिपके मांडण्याआधी बाह्यरेषाच हलकेच सरकवतो. या सूचनांसकट येणाऱ्या अक्षरसंचांना त्यांनी टाइप वन म्हटलं. वॉर्नॉकने याचं पेटंट घेतलं नाही, कारण पेटंट घ्यायचं तर कृती जगाला सांगावी लागते. त्याऐवजी फाइलच सांकेतिक करून टाकली. बाहेरच्यांसाठी टाइप थ्री नावाचा प्रकार होता. त्यात बाह्यरेषा देता येत, सूचना नाहीत. सुबक अक्षर हवं तर ॲडोबीकडे या, किंवा ॲडोबीच्या अटीवर परवाना घ्या. प्रिंटर बनवणाऱ्यांना प्रत्येक यंत्रामागे मानधन भरावं लागे, ते वेगळंच.

काही वर्षं या कुलपाने अमाप पैसा मिळवून दिला. ऑगस्ट १९८६ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आलं : पोस्टस्क्रिप्टचे वक्र हाताने आकडे न लिहिता माउसने काढण्याचं साधन. ते वक्र मुळात रेनो मोटार कंपनीतल्या पिअर बेझिए याचे, गाडीच्या पत्र्याला गोलाई देण्यासाठी वापरलेले. पण पैसे भरणाऱ्यांच्या मनात काय साठतं, ते दिसायला वेळ लागत नाही. दर प्रिंटरमागे ॲडोबीला किती मोजतो, हे ॲपलला रोज टोचत होतं. मायक्रोसॉफ्टला तर आपल्या विंडोजमध्ये दुसऱ्याची अक्षरं आणि तीही कुलपातली, ही कल्पनाच सहन होणारी नव्हती.

जुलै १९८९ मध्ये ॲपलने ॲडोबीमधला आपला हिस्सा विकून टाकला. अर्थात कित्येक पटींच्या फायद्याने. सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सेबोल्ड परिषद भरली. छपाई-प्रकाशनाच्या धंद्यातले सगळे तिथे हजर असत. त्या व्यासपीठावर जाहीर झालं, की ॲपलने ट्रूटाइप नावाचं स्वतःचं अक्षर-तंत्र बनवलंय आणि ते मायक्रोसॉफ्टला दिलंय. बदल्यात मायक्रोसॉफ्ट ट्रूइमेज नावाचा पोस्टस्क्रिप्टचा पर्याय ॲपलला देणार आहे. आणि ट्रूटाइपचा तपशील सर्वांना खुला. सांगणाऱ्यांत बिल गेट्स होता. त्याच मंचावर बोलायची पाळी आली तेव्हा वॉर्नॉकचा आवाज भरून आला होता. आपण ऐकलं ते निव्वळ बाता आहेत, असं त्याने भर सभेत सुनावलं. शेअर घसरला.

रागावणं समजण्यासारखं होतं, पण इथे सहानुभूती किती द्यायची याचा विचार करावा लागतो. झेरॉक्सने भाषा कपाटात ठेवली म्हणून जे दोघं बाहेर पडले, त्यांनीच अक्षरं कपाटात ठेवली होती. फरक एवढाच, की झेरॉक्सला त्यातून काही मिळालं नाही आणि यांना भरपूर मिळालं.

पण सावरण्याचा वेग मात्र दाद देण्यासारखा. थोड्याच महिन्यांत टाइप वनची सगळी रचना ॲडोबीने पुस्तकरूपाने छापून टाकली. सांकेतिकीकरणाची किल्लीसुद्धा त्यात आहे : ५५६६५. एका उद्योगाला वेठीला धरणारं गुपित पाच आकडी निघालं. जोडीला ॲडोबी टाइप मॅनेजर आला. त्याने हीच अक्षरं मॅकच्या आणि मग विंडोजच्या पडद्यावरही गुळगुळीत दिसू लागली. ट्रूइमेजने बाळसं धरलं नाही. ट्रूटाइप मात्र टिकलं. १९९२ च्या विंडोज ३.१ बरोबर ते घराघरांत गेलं, एरिअल आणि टाइम्स न्यू रोमनसकट. छापखान्यांत टाइप वन, कचेऱ्यांत ट्रूटाइप अशी वाटणी काही वर्षं चालली. १९९६ मध्ये ॲडोबी आणि मायक्रोसॉफ्ट एकत्र येऊन म्हणाले, की आता दोन्हींना सामावणारं ओपनटाइप करू. सात वर्षांपूर्वीच्या त्या मंचाची आठवण दोन्ही पक्षांनी काढली नसावी.

दरम्यान वॉर्नॉकच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. पोस्टस्क्रिप्ट ही पुरती प्रोग्रॅमिंग भाषा. तिच्यात ‘हे शंभर वेळा कर’, ‘अमुक असेल तर तमुक कर’ असं सांगता येतं. ताकद मोठी, पण त्याची किंमत अशी, की पन्नासावं पान बघायचं तर आधीची एकोणपन्नास करून पाहावी लागतात. आणि कुणी न संपणारी आज्ञा लिहिली तर प्रिंटर बसून राहतो. फिल्म काढून देणाऱ्यांकडे ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना ‘लिमिटचेक’ची चूक दाखवून अडून बसलेली फाइल आठवत असेल. लेसररायटरच्या तयारीच्या दिवसांत जॉब्जला दाखवायला अमेरिकी प्राप्तिकराचा फॉर्म छापायचा होता. आडव्या-उभ्या रेघांनी आणि बारीक मजकुराने ठासून भरलेलं ते पान, फार वेळ खायला लागलं. तेव्हा वॉर्नॉकने युक्ती केली : तो प्रोग्रॅम एकदा चालवायचा आणि त्यातून शेवटी निघणाऱ्या ‘इथे रेघ, इथे अक्षर’ एवढ्याच साध्या आज्ञा टिपून घ्यायच्या, छापायच्या त्या याच. फॉर्म झपाट्याने बाहेर आला.

१९९१ मध्ये त्याने कंपनीतल्यांसाठी एक टिपण लिहिलं, प्रकल्पाला नाव दिलं कॅमेलॉट. कुठल्याही संगणकावरचं कुठलंही पान जसंच्या तसं दुसऱ्या कुठल्याही संगणकावर दिसावं आणि छापावं, हे त्याचं सूत्र. साधन तीच जुनी युक्ती. फिरत्या आज्ञा काढून टाकायच्या, प्रत्येक पान स्वतंत्र ठेवायचं, अक्षरं फाइलमध्येच गुंडाळून द्यायची आणि शेवटी कुठली वस्तू कितव्या बाइटवर आहे याची यादी जोडायची. म्हणजे पन्नासावं पान थेट उघडेल. जून १९९३ मध्ये ॲक्रोबॅट बाजारात आलं आणि पीडीएफचा जन्म झाला.

पहिल्या वर्षी कुणी ढुंकून पाहिलं नाही. कारण उघड होतं : पीडीएफ बनवायला पैसे, आणि नुसतं वाचायलाही पन्नास डॉलर. आपण पाठवलेलं पत्र वाचण्यासाठी समोरच्याने पैसे मोजावेत ही अपेक्षा करणारी कंपनी चार वर्षांपूर्वीच याच कारणाने तोंडघशी पडली होती. यावेळी मात्र शहाणपण लवकर सुचलं. रीडर फुकट झाला, रचना आधीपासून छापील पुस्तकात खुली होतीच. संचालकांपैकी काहींना हा प्रकल्प गुंडाळावा असं वाटत होतं. वॉर्नॉक अडून बसला. पुढे अमेरिकेच्या करखात्याने आपले फॉर्म पीडीएफमध्ये वाटायला सुरुवात केली. २००८ मध्ये पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि ॲडोबीच्या एकटीच्या हातात राहिलं नाही. आज सातबारा उतारा येतो तो पीडीएफ, शाळेचा निकाल पीडीएफ, वीजबिल पीडीएफ.

१९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस आपल्यात विलीन केली. पेजमेकर आता घरचं झालं, पण तोवर क्वार्कएक्स्प्रेस या प्रतिस्पर्धी प्रोग्रॅमने त्याला मागे टाकलं होतं. आल्डसमध्ये सुरू झालेल्या नव्या कामातून १९९९ मध्ये इनडिझाइन आलं; पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची. १९९८ मध्ये हैदराबादचा शंतनू नारायण कंपनीत आला, २००७ अखेर प्रमुख झाला, आणि २०१३ पासून पेटीबंद विक्री जाऊन वर्गणी आली. त्यावर खूप बोललं गेलं आहे. छपाईच्या इतिहासात तिचं स्थान छोटं आहे.

मराठीसाठी महत्त्वाचं घडलं ते वेगळ्याच ठिकाणी. टाइप वन अक्षरसंचात एका वेळी २५६ खणच वापरता येत. इंग्रजीला ते पुरून उरतात. देवनागरीचे मूळ वर्ण, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार हे सगळं त्यात कोंबायचं म्हणजे कसरत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम आणि इतर अनेकांनी ती कसरत कौशल्याने केली. अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या खणांत बसवले, पेजमेकरला वाटायचं आपण इंग्रजीच लावतोय. पण कुठला तुकडा कुठल्या खणात, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. एका फाँटमधला ‘क्ष’ दुसऱ्या फाँटमध्ये स्वल्पविराम निघे, किंवा टक्क्याचं चिन्ह. काही पॅकेजं प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलसकट यायची. डोंगल हरवला की लेखकाची कादंबरी गेली, असं म्हणायची वेळ यायची.

ओपनटाइपने खणांची ही टंचाई संपवली : एका अक्षरसंचात पासष्ट हजारांवर आकार मावतात आणि ‘क, हलन्त, ष’ असे वर्ण आले की ‘क्ष’चा आकार काढ, हा नियमही अक्षरसंचातच लिहिता येतो. र. कृ. जोशींनी रेखाटलेला मंगल फाँट विंडोज २००० बरोबर आला आणि युनिकोड मराठी संगणकावर सहज दिसू लागलं. दिसू लागलं, छपाईच्या पानावर मात्र लगेच लागलं नाही. पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं. इनडिझाइन आणि फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी चिकटवलं तर पहिली वेलांटी आपल्या व्यंजनाच्या मागे जाऊन बसायची आणि रफार लोंबकळायचा. पडद्यावरच्या साध्या नोटपॅडला जे जमत होतं, ते छपाईसाठीच जन्मलेल्या कंपनीच्या महागड्या प्रोग्रॅमला जमायला २०१२ उजाडलं. भारतीय लिप्यांची जुळणी करणारं यंत्र इनडिझाइनमध्ये नीट आलं ते सीएस-सिक्समध्ये. या दिरंगाईमुळे मराठी प्रकाशन व्यवसाय जुन्या २५६ खणांच्या फाँटांत आणखी दहा-बारा वर्षं अडकून राहिला असं माझं मत आहे; लोक बदलायला तयार नव्हते हे त्याचं एकच कारण नव्हे.

जानेवारी २०२३ पासून ॲडोबीच्या प्रोग्रॅमांनी टाइप वन अक्षरसंच ओळखणं बंद केलं. त्याच्या आदल्या महिन्यात कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहास संग्रहालयाने पोस्टस्क्रिप्टच्या १९८४ मधल्या एका सुरुवातीच्या आवृत्तीचा मूळ प्रोग्रॅम ॲडोबीच्या परवानगीने सर्वांसाठी खुला केला. गेश्की २०२१ मध्ये वारला होता, वॉर्नॉक ऑगस्ट २०२३ मध्ये गेला. आपल्याकडे प्रकाशकांच्या कपाटांत सीडींवर आणि जुन्या हार्ड डिस्कवर पेजमेकरच्या हजारो फाइली पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणणारे रूपांतरक मिळतात आणि बरेचसे काम देतात. पण प्रत्येक फाँटाची खणवाटणी वेगळी असल्यामुळे आधी कोणता फाँट ते ओळखावं लागतं, आणि रूपांतर झाल्यावरही ‘श्र’, ‘द्ध’, ‘ऱ्या’ यांत गफलती राहतातच. त्यामुळे जुनं पुस्तक नव्याने काढायचं म्हटलं की सबंध प्रूफ पहिल्यापासून वाचावं लागतं, आणि प्रूफवाचकाचे पैसे या वेळी प्रकाशकाला भरावे लागतात.